इलेक्ट्रॉनिक जीभ : एका दोषाचा इतिहास

इलेक्ट्रॉनिक जीभ म्हणजे द्रवपदार्थ तपासणाऱ्या अनेक रासायनिक सेन्सरांचा संच आणि त्यांच्या संकेतांचा मिळून अर्थ लावणारी गणिती रीत. संचातले सगळे सेन्सर एकाच वेळी एकाच द्रवात बुडवतात. त्यांपैकी प्रत्येक सेन्सर द्रवातल्या अनेक घटकांना थोडाथोडा प्रतिसाद देतो, त्यामुळे एकट्याच्या संकेतावरून कोणता घटक किती आहे हे सांगता येत नाही. सहा, आठ किंवा वीस सेन्सरांचे आकडे शेजारी शेजारी मांडले की मात्र त्या द्रवाची अशी एक खूण तयार होते, जी दुसऱ्या द्रवाच्या खुणेशी ताडून पाहता येते. दूध, चहा, वाइन, नदीचे पाणी, पातळ औषध, सगळ्यांसाठी हीच पद्धत चालते. हे उपकरण १९९० च्या सुमारास आकाराला आले. त्याचा इतिहास मात्र त्याआधी ऐंशीहून अधिक वर्षे सुरू होतो, आणि त्यातला बहुतेक काळ रसायनशास्त्रज्ञ नेमक्या उलट्या दिशेने चाललेले दिसतात.

सुरुवात काचेपासून झाली. १९०६ मध्ये जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ माक्स क्रेमर यांना असे आढळले की काचेच्या अत्यंत पातळ पडद्याच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या आम्लतेचे द्रव ठेवले, तर पडद्याच्या आरपार विद्युतदाब निर्माण होतो. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर आणि त्यांचे सहकारी क्लेमेनसिएविच यांनी या निरीक्षणाचा पद्धतशीर अभ्यास करून काचेचा इलेक्ट्रोड घडवला. त्याच वर्षी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी आम्लता मोजण्यासाठी पीएच हे माप सुचवले. कार्ल्सबर्ग हा बिअरचा कारखाना. बिअर बनताना होणाऱ्या विकरांच्या क्रिया आम्लतेवर अवलंबून असतात, म्हणून तिथे असे माप हवे होते. द्रव तपासण्याच्या या इतिहासात खाण्यापिण्याचे धंदे पुन्हा पुन्हा पुढे येतात. शुद्ध विज्ञानापेक्षा त्यांची गरज अधिक निकडीची होती, असे म्हणायला हरकत नाही.

कॅलिफोर्नियातली गोष्ट याच जातीची आहे. तिथल्या फळबागायतदारांच्या संघासाठी काम करणारे रसायनतज्ज्ञ ग्लेन जोसेफ यांना लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती. रस टिकावा म्हणून त्यात सल्फर डायऑक्साइड घातलेला असे. त्यामुळे लिटमसचा रंग उडे आणि हायड्रोजनचा इलेक्ट्रोडही निकामी होई. काचेचा इलेक्ट्रोड या वायूला दाद देत नसे, पण त्याचा विद्युतरोध इतका प्रचंड की साध्या गॅल्व्हानोमीटरला त्याचा संकेत कळत नसे. जोसेफ यांचे जुने सहाध्यायी आर्नल्ड बेकमन यांनी १९३४ मध्ये निर्वात नळ्यांचा प्रवर्धक जोडून ही अडचण सोडवली. पुढच्या वर्षी हे यंत्र १९५ डॉलरला बाजारात आले आणि अल्पावधीत प्रयोगशाळांतली नेहमीची वस्तू झाले. आजही द्रवाला विजेच्या भाषेत प्रश्न विचारण्याचे सर्वात रुळलेले साधन पीएच मीटर हेच आहे.

पीएचचा इलेक्ट्रोड यशस्वी झाला तो त्याच्या एकनिष्ठपणामुळे. हायड्रोजन आयनांखेरीज इतरांकडे तो जवळजवळ लक्ष देत नाही. ‘जवळजवळ’ हा शब्द इथे महत्त्वाचा. तीव्र अल्कलीत सोडियमचे आयन मुबलक असले की काच त्यांनाही प्रतिसाद देते आणि मापन चुकते. १९३७ मध्ये लेनिनग्राडचे बोरिस निकोल्स्की यांनी या चुकीचे समीकरण मांडले. इलेक्ट्रोडचा विभव मुख्य आयनावर किती आणि लुडबुड करणाऱ्या आयनावर किती अवलंबून आहे, याचा हिशेब त्यात एका गुणांकाने होतो. हा गुणांक शून्याच्या जितका जवळ, तितका इलेक्ट्रोड चांगला. पुढची चार दशके या शाखेतील बहुतेक मेहनत तो आकडा खाली आणण्यावर खर्च झाली. १९६६ मध्ये फ्रँट आणि रॉस यांनी लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा फ्लोराइड इलेक्ट्रोड बनवला. त्याच सुमारास झुरिकमध्ये विल्हेल्म सिमॉन यांच्या गटाने व्हॅलिनोमायसिन या प्रतिजैविकाचा उपयोग करून पोटॅशियम ओळखणारे पटल तयार केले. रक्तातले सोडियम-पोटॅशियम मोजणारी रुग्णालयांतली यंत्रे याच घराण्यातली आहेत.

तरी दोन गोष्टी सुटत नव्हत्या. पूर्णपणे एकाच आयनाला मानणारा इलेक्ट्रोड कुणालाच बनवता आला नाही, आणि बऱ्यापैकी एकनिष्ठ इलेक्ट्रोड मोजक्याच आयनांसाठी बनले. शिवाय वाइन चांगली की वाईट, दूध ताजे की शिळे, हे प्रश्न एखाद्या आयनाचे नव्हतेच. शेकडो घटकांच्या एकत्र परिणामाला चव म्हणतात. तिथे प्रत्येक घटकासाठी वेगळा सेन्सर बनवत बसणे अशक्य होते.

वाट सापडली ती नाकाच्या अभ्यासातून. १९८२ मध्ये इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठाचे कृष्ण परसौद आणि जॉर्ज डॉड यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा प्रयोग मांडला. त्यांनी बाजारात मिळणारे धातू-ऑक्साइडचे तीन वायूसेन्सर घेतले. तिन्ही भोळे, समोर येईल त्या वासाला प्रतिसाद देणारे. पण तिघांच्या प्रतिसादांची गुणोत्तरे पाहिली की अनेक वास एकमेकांपासून वेगळे ओळखता येत होते. सस्तन प्राण्यांच्या नाकातही एका वासासाठी एक पेशी अशी विभागणी नसते, हे त्यामागचे सूत्र होते. १९८५ मध्ये मथियास ओटो आणि जे. डी. आर. थॉमस यांनी अशीच कल्पना द्रवांत आणली. रक्तात असतात तेवढ्या प्रमाणातले मॅग्नेशियम, कॅल्शियम, सोडियम आणि पोटॅशियम त्यांनी अनेक अपुऱ्या इलेक्ट्रोडांच्या संचाने एकाच वेळी मोजले आणि गोंधळ सोडवण्याचे काम गणितावर सोपवले. मॅग्नेशियमचा इलेक्ट्रोड कॅल्शियमलाही फसत असे. संचात मात्र कॅल्शियमची साक्ष दुसरा इलेक्ट्रोड देत असल्यामुळे ती चूक वजा करता येई. जो दोष घालवण्यात पिढ्या गेल्या होत्या, तो आता पथ्यावर पडू लागला.

यासाठी लागणारे गणित नवे नव्हते. अनेक मापांच्या ढिगातून सर्वात जास्त फरक दाखवणाऱ्या दिशा शोधण्याची रीत, म्हणजे प्रमुख घटक विश्लेषण, कार्ल पिअर्सन यांनी १९०१ मध्येच सांगितली होती. १९७० च्या दशकात स्वीडनचे स्वांते वोल्ड यांच्यासारख्यांनी अशा रीती रसायनशास्त्रात रुजवल्या. उणीव होती ती स्वस्त संगणकाची, आणि ऐंशीच्या दशकात तीही भरून निघाली.

चवीचे यंत्र प्रथम जपानमध्ये झाले, यात आश्चर्य नाही. गोड, आंबट, खारट, कडू या चार चवींखेरीज पाचवी ‘उमामी’ चव असते असे टोकियोचे किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्रशैवालाच्या रश्श्यावरून दाखवले होते. त्यातून मोनोसोडियम ग्लुटामेटचा मोठा उद्योग उभा राहिला. चव ही मोजण्याजोगी, बनवण्याजोगी आणि विकण्याजोगी वस्तू आहे, हा विचार त्या देशात मुरलेला होता. फुकुओका येथील क्युशू विद्यापीठात कियोशी तोको हे मेदद्रव्यांच्या पटलांच्या विद्युतवर्तनावर काम करत होते. जिभेवरच्या चवपेशींभोवतीही मेदाचेच पटल असते. तेव्हा मेदद्रव्यांची कृत्रिम पटले चवीच्या पदार्थांना कसा प्रतिसाद देतात, हे पाहण्याचे त्यांनी ठरवले. १९८९ च्या पेटंटनंतर १९९० मध्ये हायाशी, यामानाका, तोको आणि यामाफुजी यांचा आठ मार्गिकांच्या चवसेन्सरवरचा निबंध प्रसिद्ध झाला.

या सेन्सरची रचना साधी आहे. पीव्हीसी, त्याला मऊ करणारे प्लास्टिसायझर आणि एखादे मेदद्रव्य एकत्र विरघळवून सुकवले की सुमारे २०० मायक्रोमीटर जाडीचे पारदर्शक पटल मिळते. मेदद्रव्य बदलत आठ पटले करायची आणि ती आठ इलेक्ट्रोडांवर चिकटवायची. काही पटलांवर धन प्रभार, काहींवर ऋण. आंबट पदार्थातले हायड्रोजन आयन ऋण पटलाला बांधले जातात. मिठाचे आयन पटलाच्या प्रभाराला झाकून टाकतात. क्विनाइनसारखे कडू रेणू पाण्याला टाळणारे असल्यामुळे थेट पटलाच्या मेदात शिरतात. प्रत्येक चव आठ मार्गिकांवर आपला वेगळा नमुना उमटवते, आणि एकाच चवीचे निरनिराळे पदार्थ बरेचसे सारखे नमुने देतात. तोको यांनी याला ‘सार्वत्रिक निवडक्षमता’ म्हटले. यंत्राने रेणू ओळखू नये, चव ओळखावी, असा हा आग्रह होता. विशेष म्हणजे माणसाच्या जिभेवरील कडू चवीच्या ग्राहींचे जनुक २००० च्या सुमारास सापडले. यंत्र त्याच्या दहा वर्षे आधी चालू झाले होते.

मोजण्याची पद्धतही जिभेच्या सवयीवरून घेतलेली होती. प्रथम पोटॅशियम क्लोराइड आणि किंचित टार्टारिक आम्ल यांच्या द्रावणात सेन्सर बुडवायचे. हे द्रावण लाळेच्या जागी. मग नमुना. मग सेन्सर हलके विसळून पुन्हा तेच द्रावण. नमुन्यातला पहिला फरक म्हणजे चव, आणि विसळल्यावरही पटलावर काही रेणू चिकटून राहिल्यामुळे उरणारा फरक म्हणजे मागाहून रेंगाळणारी चव. कडू आणि तुरट पदार्थांत हा दुसरा आकडा मोठा येतो. आयुर्वेदातल्या सहा रसांत कषाय, म्हणजे तुरट, हा स्वतंत्र रस मानला आहे. पाश्चात्त्य शरीरशास्त्राने त्याला मूळ चवींत जागा दिली नाही, पण जपानी यंत्रात तुरटपणासाठी वेगळा सेन्सर ठेवावाच लागला, कारण चहा आणि वाइन त्याशिवाय समजत नाहीत. तिखटाला मात्र यंत्रात स्थान नाही. ती संवेदना चवीच्या नसांमधून येत नाही, वेदनेच्या नसांमधून येते. आणि गोड चव सर्वात उशिरा वश झाली. साखरेच्या रेणूवर प्रभार नसल्यामुळे मेदपटलाला ती जवळपास कळतच नसे. तिच्यासाठी वेगळ्या प्रकारचे पटल शोधावे लागले.

अनरित्सू कंपनीच्या सहकार्याने १९९३ मध्ये हे यंत्र बाजारात आले आणि २००२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कंपनी निघाली. बिअर, साके, सोया सॉस, मिसो, कॉफी यांच्या चवींचे नकाशे तयार झाले. बिअरच्या निरनिराळ्या छापांना एकाच आलेखावर जागा मिळाली आणि कोणता छाप कुणाच्या जवळचा हे दिसू लागले. या यंत्राचा सर्वात टिकाऊ उपयोग मात्र औषधांत झाला. मुलांच्या औषधाचा कडूपणा झाकला गेला की नाही हे पाहण्यासाठी माणसांना पुन्हा पुन्हा औषध चाखायला लावणे धोक्याचे आणि कायद्याच्या दृष्टीनेही अवघड असते. यंत्राला त्याचे काहीच वाटत नाही.

युरोपात तीच कल्पना वेगळ्या दारातून आली, आणि तिथे चवीचा प्रश्न मागाहून आला. निकोल्स्की यांच्याच सेंट पीटर्सबर्ग (पूर्वीच्या लेनिनग्राड) विद्यापीठात यूरी व्लासोव आणि आंद्रेई लेगिन हे चाल्कोजेनाइड काचेचे सेन्सर बनवत होते. या काचेत गंधक, सेलेनियम अशी मूलद्रव्ये असतात आणि ती तांबे, शिसे, कॅडमियम अशा जड धातूंच्या आयनांना प्रतिसाद देते. रोममधील आर्नाल्दो दामिको आणि कोर्रादो दि नाताले यांचा गट तेव्हा इलेक्ट्रॉनिक नाकावर काम करत होता. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरच्या वर्षांत या दोन गटांची गाठ पडली. काच रशियाची, नमुने ओळखण्याचे गणित इटलीचे, अशा भागीदारीतून नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ‘इलेक्ट्रॉनिक जीभ’ हे नाव रूढ झाले. त्यांचे सुरुवातीचे नमुने नेवा नदीच्या पाण्याचे होते. पाण्यात कोणता धातू किती आहे, हे संचाच्या आकड्यांवरून काढायचे. ज्यूस, कॉफी, मिनरल वॉटर आणि वाइन त्यानंतर आले.

लिंकोपिंग या स्वीडिश शहरात फ्रेद्रिक विंकविस्त, पेटर विडे आणि इंगेमार लुंडस्ट्रॉम यांनी १९९७ मध्ये पटलांनाच फाटा दिला. त्यांच्या जिभेत सोन्याच्या आणि प्लॅटिनमच्या उघड्या तारा होत्या. तारेला विजेचे ठराविक धक्के द्यायचे आणि प्रत्येक धक्क्यानंतर वाहणारा प्रवाह कसा ओसरतो ते नोंदवायचे. द्रवातले कोणते रेणू किती सहज इलेक्ट्रॉन देतात-घेतात आणि आयन किती वेगाने सरकतात, यावर त्या ओसरण्याचा आकार ठरतो. ज्या तत्त्वावर हे चालते त्याची पायाभरणी यारोस्लाव हेरोव्स्की यांनी १९२२ मध्ये प्रागमध्ये केली होती, आणि त्याबद्दल त्यांना १९५९ चे नोबेल मिळाले. स्वीडिश गटाने संत्र्याच्या रसाचे प्रकार वेगळे करून दाखवले आणि खोलीच्या तापमानाला ठेवलेले दूध तासातासाला कसे बदलते हे आलेखावर पकडले. धातूच्या तारा दणकट असतात, घासून पुन्हा वापरता येतात. त्यामुळे ही जीभ डेअरीच्या नळ्यांत आणि पाणी शुद्धीकरण केंद्रांतही बसवून पाहण्यात आली.

त्यानंतर प्रकार वाढले. १९९८ मध्ये टेक्सास विद्यापीठात अँस्लिन, मॅक्डेविट आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या चकतीत कोरलेल्या सूक्ष्म खड्ड्यांत रंग बदलणारे मणी ठेवले आणि त्यांचे रंग कॅमेऱ्याने टिपले. ब्राझीलच्या साओ कार्लोसमध्ये २००२ च्या सुमारास वीजवाहक बहुवारिकांच्या अतिपातळ थरांपासून जीभ बनली. खारट, गोड, कडू, आंबट यांतील फरक ती माणसाला जाणवण्याइतकी मात्रा होण्यापूर्वीच दाखवू शकत असे. फ्रान्समधील तुलूजच्या अल्फा मॉस कंपनीने सात सेन्सरांचे यंत्र विकायला काढले. इतक्या नाना तऱ्हा झाल्यावर नेमके कशाला काय म्हणायचे याचा घोळ होऊ लागला. शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने २००५ मध्ये व्लासोव, लेगिन व सहकाऱ्यांनी लिहिलेला अहवाल प्रसिद्ध करून संज्ञा ठरवून दिल्या. तोको यांनी मात्र आपल्या यंत्राला चवसेन्सर म्हणणेच पसंत केले. त्यांचा मुद्दा रास्त आहे. दोन द्रव वेगळे आहेत एवढे सांगणे आणि दोन्हींत कडूपणा किती हे सांगणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. नकाशावर दोन ठिपके दूर पडले म्हणजे माणसाला फरक जाणवेलच असे नाही.

या पद्धतीची सर्वात दूरची परीक्षा मंगळावर झाली. २५ मे २००८ रोजी उतरलेल्या फिनिक्स यानात ओल्या रसायनशास्त्राची छोटी प्रयोगशाळा होती. तिच्यात चार कप होते आणि प्रत्येक कपात वेगवेगळ्या आयनांसाठी इलेक्ट्रोडांचा संच. कपात पाणी सोडून त्यात चिमूटभर माती मिसळायची आणि संच काय म्हणतो ते पाहायचे. माती सौम्य अल्कली निघाली. आणि नायट्रेटसाठी बसवलेल्या इलेक्ट्रोडने अपेक्षेबाहेरचा मोठा संकेत दिला. हा संकेत नायट्रेटचा मानला असता तर कपात टाकलेल्या मातीच्या वजनापेक्षा जास्त नायट्रेट निघाले असते. पण या जातीचा इलेक्ट्रोड परक्लोरेटला नायट्रेटपेक्षा हजारपट अधिक संवेदनशील असतो. म्हणजे कुणी शोधतच नव्हते असे परक्लोरेट मंगळाच्या मातीत असल्याचे कळले ते त्या इलेक्ट्रोडच्या एकनिष्ठ नसण्यामुळे. वजनाने ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास भरले. मंगळावर आधी सेंद्रिय पदार्थ का सापडत नव्हते याच्या चर्चेत हा शोध आता वगळता येत नाही, कारण तापवल्यावर परक्लोरेट सेंद्रिय रेणू जाळून टाकते.

भारतात हा विषय चहाच्या रस्त्याने आला. चहाचा भाव ठरतो तो चवतज्ज्ञाच्या जिभेवर. तो ठरावीक वजनाच्या पत्तीचा काढा घोटभर जोराने ओढून तोंडात फिरवतो, थुंकतो आणि गुण देतो. दिवसाकाठी शेकडो कप होतात. थकवा, सर्दी, सवय यांचा परिणाम गुणांवर होतो हे सगळेच जाणतात. कोलकात्याचे सी-डॅक आणि जादवपूर विद्यापीठ यांनी चहासाठी आधी इलेक्ट्रॉनिक नाक आणि नंतर स्वीडिश पद्धतीची जीभ विकसित केली. तिच्यात सोने, प्लॅटिनम, पॅलेडियम, इरिडियम, ऱ्होडियम असे राजधातूंचे इलेक्ट्रोड होते. काळ्या चहाची तरतरी आणि रंग ज्यांच्यावर अवलंबून असतात ती थिआफ्लेव्हिन व थिआरुबिजिन ही द्रव्ये धातूच्या पृष्ठभागावर सहज इलेक्ट्रॉन देतात, त्यामुळे ही पद्धत चहाला जुळते. पण यंत्राला शिकवण्यासाठी गुण द्यायला चवतज्ज्ञच लागतो. त्याच्या आवडीनिवडी आणि चुका यंत्रात जशाच्या तशा उतरतात. यंत्राने तज्ज्ञाला हटवले असे जेव्हा लिहिले जाते, तेव्हा हा भाग बहुधा गाळलेला असतो.

दुसरी अडचण जुनीच आहे आणि अजून पुरती सुटलेली नाही. पटलातले मेदद्रव्य हळूहळू पाण्यात झिरपते, धातूवर मळ साचतो, तापमान एक-दोन अंशांनी बदलते, आणि आज घेतलेली खूण महिन्याभरापूर्वीच्या खुणेशी जुळेनाशी होते. त्यामुळे प्रत्येक वेळी ठरावीक द्रावणावर यंत्राची फेरतपासणी करावी लागते. सेन्सर बदलला की शिकवणी पुन्हा. एका यंत्रावर शिकवलेले दुसऱ्यावर चालवण्यासाठी वेगळे गणित लागते. इलेक्ट्रॉनिक जीभ तीस वर्षांनंतरही मुख्यतः प्रयोगशाळेत, औषध कंपन्यांत आणि मोठ्या खाद्य उद्योगांत राहिली, किराणा दुकानाच्या काउंटरवर आली नाही, त्याचे मुख्य कारण हेच.

अलीकडचे प्रयत्न या अडचणीला गणिताच्या बाजूने भिडतात. आयबीएमच्या झुरिक येथील प्रयोगशाळेने २०१९ मध्ये हातात मावणारा संच दाखवला. त्यात सेन्सरांची मापे मोबाइलमार्फत जातात आणि ओळख पटवण्याचे काम दूरच्या संगणकावर होते. २०२४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या सप्तर्षी दास यांच्या गटाने ग्राफीनच्या ट्रान्झिस्टरांची जीभ ‘नेचर’मध्ये मांडली. पाणी घातलेले दूध, कॉफीची मिश्रणे, ज्यूसचा ताजेपणा हे तिचे विषय होते. हे ट्रान्झिस्टर एकसारखे बनत नाहीत, प्रत्येकाची चाल थोडी वेगळी असते. संशोधकांनी प्रथम ट्रान्झिस्टरच्या वर्तनातली कोणती मापे महत्त्वाची ते स्वतः निवडून न्यूरल नेटवर्कला दिली, तेव्हा ऐंशी टक्क्यांहून थोडी अधिक अचूकता मिळाली. मग कच्ची मापे तशीच देऊन निवड नेटवर्कवर सोडली, तेव्हा ती पंचाण्णव टक्क्यांच्या वर गेली. ट्रान्झिस्टर सुधारावे लागले नाहीत.